आधी चॅनेल मोजा, मग ठेकेदाराला नावं ठेवा

घराचं काम काढलं की सल्ला देणाऱ्यांना ऊत येतो. अलीकडे त्या सल्ल्यांत एक सल्ला हमखास असतो आणि तो आवाज जरा खाली आणून दिला जातो: लोकल ठेकेदाराच्या नादी लागू नका. दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग करायचं असो, मोठ्या खोलीतून मुलीला अभ्यासाची खोली काढून द्यायची म्हणून जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालायचं असो, की ओल येऊन फुगलेला छताचा तुकडा बदलायचा असो, सरळ कंपनीला द्या, म्हणे. कंपनी म्हणजे शोरूम असलेली, छापील करारपत्र देणारी, दहा वर्षांची हमी देणारी. कोपऱ्यावरचा माणूस पैसे घेऊन पळतो, बिल देत नाही, त्याच्या कामाला वर्षात तडे जातात. आणि मग शेवटचा हुकमी पत्ता: अमेरिकेत बघा, तिथे लायसन्स असल्याशिवाय भिंतीला हात लावू देत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांमध्ये हे मत आता इतकं रुजलंय की त्यावर कोणी वाद घालत नाही. मला वाद घालायचा आहे. कारण या मतातला अर्धा भाग खोटा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात जी चूक दाखवली जाते ती बहुतेक वेळा काम देणाऱ्याची असते.

कंपनीपासूनच सुरुवात करू. शोरूममध्ये गुळगुळीत छताचा नमुना लावलेला असतो, पडद्यावर तुमच्याच घराचं चित्र फिरवून दाखवतात, चहा देतात. करार होतो. आणि कामाच्या दिवशी शिडी, ड्रिल आणि स्क्रूची पिशवी घेऊन दारात उभा राहतो तो कोण? बहुतेक वेळा तोच कोपऱ्यावरचा माणूस, किंवा त्याचा चुलत भाऊ. या धंद्यात स्वतःच्या पगारावर सीलिंगचे कारागीर ठेवणाऱ्या कंपन्या फार थोड्या. काम वरून खाली उतरत जातं: कंपनीकडून मोठ्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून छोट्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालमधून आलेल्या दोन-तीन पोरांच्या टोळीकडे. समजा, तुम्ही फुटामागे शंभर रुपये मोजले. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळतं, आणि जो माणूस प्रत्यक्ष बोर्डाला स्क्रू मारतो त्याच्यापर्यंत साहित्य आणि मजुरीसाठी जे पोचतं, त्यातच त्याला स्वतःचंही पोट भरायचं असतं. तो तेव्हा कुठे हात आखडता घेणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

कंपनीकडून काही मिळत नाही, असं मी म्हणत नाही. घर पुण्यात आणि मालक सिएटलला असेल, अख्ख्या घराचं फर्निचर, वीज, रंग एका माणसाच्या गळ्यात घालायचं असेल, तर मधल्या माणसाचे पैसे मोजण्यात शहाणपण आहे. तो देखरेखीचे पैसे घेतो. पण एका खोलीच्या छतासाठी किंवा एका पार्टिशनसाठी ती देखरेख विकत घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता ती दहा वर्षांची हमी. हा कागद घरात असेल तर काढून वाचा. हमी बहुतेक वेळा बोर्डाची असते, म्हणजे कारखान्यातून आलेल्या मालाची. बोर्ड कारखान्यात सहसा बिघडत नाही, तो छतावर बिघडतो. आणि खाली बारीक अक्षरात पाणी, ओल, गळती, इमारतीची हालचाल, दुसऱ्या कोणी केलेली तोडफोड, हे सगळं वगळलेलं असतं. जिप्सम बोर्डाचं आयुष्यात जे काही वाईट होतं, ते जवळजवळ सगळं या यादीत येतं. जिप्सम म्हणजे रासायनिकदृष्ट्या पाणी धरून ठेवलेलं कॅल्शियम सल्फेट. वजनाचा साधारण एकवीस टक्के भाग या बांधलेल्या पाण्याचा. आग लागली तर हेच पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ मागचं तापमान चढू देत नाही, म्हणून आगीच्या बाबतीत हा माल चांगला. पण बाहेरचं पाणी मुरलं की कागद सुटतो, गाभा भुसभुशीत होतो, आणि मग ना कंपनी ना ठेकेदार, कोणाचीच हमी चालत नाही. सगळं वगळून उरलेली ही हमी ज्याला धीर देते त्याला देवो.

तडे मात्र खरेच जातात. ते नाकारण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या जोडावर सरळ रेघ उमटते, रंग दिल्यानंतर एखाद्या उन्हाळ्यात ती उघडी पडते, आणि घरातला प्रत्येक पाहुणा वर बघून तेवढंच बघतो. ही रेघ का पडते, हे एकदा नीट समजून घेतलं तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते आपोआप ठरेल.

सीलिंगच्या बोर्डाच्या वर पत्र्याचा सांगाडा असतो. भिंतीला चारी बाजूंनी पेरिमीटर चॅनेल, स्लॅबला अँकर मारून खाली सोडलेले अँगल, त्यांना धरून इंटरमीडिएट चॅनेल, आणि त्याच्या खाली आडवे सीलिंग सेक्शन, ज्यांना बोर्ड स्क्रूने बसतो. बोर्ड बनवणाऱ्यांच्या मांडणीत इंटरमीडिएटमध्ये चार-चार फुटांचं अंतर असतं आणि सीलिंग सेक्शनमध्ये दीड फुटाचं. पत्रा साधारण 0.55 मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा मुलामा दिलेला. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा. स्क्रू नऊ-नऊ इंचांवर, आणि त्याचं डोकं कागदाच्या किंचित आत, पण कागद न फाडता. कागद फाटला की तो स्क्रू असून नसल्यासारखा, कारण बोर्डाला खरा जोर कागदाचाच असतो. शेजारशेजारच्या ओळींतले जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे मागेपुढे करायचे. जोडावर आधी जॉइंटिंग कंपाउंड, त्यात कागदी टेप दाबून बसवायची, वर कंपाउंडचे आणखी दोन हात, प्रत्येक हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच. यात जादू काही नाही. हे सगळं कोपऱ्यावरच्या ठेकेदाराला तोंडपाठ असतं, बोर्डाच्या कंपन्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणाला यातले कित्येक जण जाऊन आलेले असतात.

मग तो तसं का करत नाही? कारण आपण त्याला यातलं काहीही विचारलेलं नसतं. आपण एकच प्रश्न विचारतो: फुटाला काय घेणार?

इथे सगळा घोळ आहे. तिघांना बोलवायचं, तिघांना तोच प्रश्न विचारायचा, सगळ्यांत कमी सांगणाऱ्याला आणखी दोन रुपये खाली आणायचं, आणि मग शेजाऱ्याला सांगायचं की बघा, कसा पटवला. ज्याने दीड फुटाच्या अंतराचा हिशेब धरून दर सांगितला होता, तो इथेच बाद झालेला असतो. उरतो तो दोन फुटांचं अंतर धरणारा. बोर्डावर नाव छापलेलं असतं, ते तुम्ही वाचता, म्हणून बोर्ड तो चांगल्या कंपनीचाच आणतो. काटकसर होते ती बोर्डाच्या मागे: पत्रा पातळ, सेक्शन विरळ, कागदी टेपऐवजी पातळ जाळी, किंवा तीही नाही, आणि कंपाउंडच्या तीन हातांचा एक हात. बोर्ड चढला की हे सगळं झाकलं जातं. पहिल्या दिवशी दोन्ही छतं सारखीच दिसतात.

याला फसवणूक म्हणायचं का? दीड फूट ठरवून दोन फूट केलं तर जरूर म्हणा. पण ठरवलंच काय होतं? वहीच्या पानावर एक दर आणि एक क्षेत्रफळ. ते क्षेत्रफळही अर्धवट. कोव्हची उभी पट्टी चौरस फुटात धरायची की रनिंग फुटात, एसीच्या मागच्या पेटीसारख्या उतरणीचे वेगळे की त्यातच, लाइटची भोकं कोण पाडणार, पडद्याच्या पेल्मेटला प्लायवूड कोणाचं, रंगाआधीची घासाई कोणाकडे, यातलं काही लिहिलेलं नसतं. शेवटच्या दिवशी टेप घेऊन दोघे उभे राहतात तेव्हा दोघांच्या डोक्यात दोन वेगळी मापं असतात. मग आवाज चढतात आणि निष्कर्ष निघतो: ही लोकल माणसं अशीच. अहो, हेच काम तुम्ही कंपनीला दिलं असतं तर तिच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक ओळीसमोर जादा रक्कमही लिहिलेली असती. तिथे तुम्ही सही केली असती. कोपऱ्यावरच्या माणसाने तोच हिशेब सांगितला की तो लबाड.

आणि मुहूर्त. याबद्दल कोणी बोलत नाही, पण मला वाटतं महाराष्ट्रातल्या निम्म्या जोडांवरचे तडे गृहप्रवेशाच्या मुहूर्ताने पाडलेले असतात. आषाढ-श्रावणात, हवेत ओल भरलेली असताना, कंपाउंडचा पहिला हात वाळायला वेळ घेतो. दसऱ्याला घरात जायचं असतं. सत्यनारायण ठरलेला, पत्रिका गेलेल्या. रंगारी दारात उभा. ठेकेदार म्हणतो, आणखी दोन दिवस द्या. आपण म्हणतो, पंखा लावून वाळव. तो ओल्यावर दुसरा हात मारतो, रंगारी त्यावर प्रायमर मारतो, पूजा वेळेत होते. जानेवारीत हवा कोरडी पडली की रेघ दिसते. भटजींना कोणी जबाबदार धरत नाही, ते ठीकच, पण ठेकेदाराला धरतात.

बिलाचं बघू. बिल देत नाही म्हणजे चोर, हा आरोप करणारे बहुधा स्वतः नोकरदार असतात. सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर ग्राहकाकडून घेण्याची मुभाच नाही. म्हणजे दोन-तीन माणसं घेऊन काम करणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या बिलावर जीएसटी नसणं यात कायद्याच्या विरुद्ध काही नाही. साधं बिल तो देऊ शकतो, आणि ते मागितलंच पाहिजे. गंमत अशी की काम ठरवताना रोखीत किती कमी करशील, हा प्रश्न बहुधा आपल्याच बाजूने आलेला असतो. मग पुढे वाद झाला की पुरावा नाही म्हणून आपणच कपाळाला हात लावतो. वास्तविक पैसे मोजून घेतलेल्या सेवेत खोट असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा या माणसालाही लागू होतो, त्याला शोरूम असण्याची अट नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. लागतो तो कागद: काय ठरलं होतं आणि किती दिलं. तेवढाच आपण ठेवत नाही.

आता अमेरिका. उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्या. जिप्सम बोर्ड त्याच देशात वाढला. ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि प्लास्टर यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या बोर्डाचं पेटंट 1894 साली घेतलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची मागणी उसळली तेव्हा लाकडी पट्ट्यांवर गिलावा करणारे गवंडी मागे पडून घरंच्या घरं या बोर्डाने उभी राहिली. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या भाच्याला विचारा, बाथरूमच्या नळाने भिंत भिजली की तो कोणाला बोलावतो. गावातल्याच माणसाला. तिथेही बोर्ड चढवणारा वेगळा, टेप-कंपाउंड करणारा वेगळा, आणि ते दोघेही पुष्कळदा मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेले. तिथेही छोटा ठेकेदारच हे काम करतो.

फरक आहे तो दुसरीकडे, आणि लायसन्सचा पत्ता टाकणारे नेमकं तेच सांगत नाहीत. कॅलिफोर्नियात ड्रायवॉलच्या कामासाठी सी-9 हा ठेकेदाराचा स्वतंत्र वर्ग आहे, हे खरं. पण त्याच राज्याच्या कायद्यात असंही आहे की घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या करारात ठेकेदाराने आगाऊ घ्यायची रक्कम एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांतली जी कमी असेल तिच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे पन्नास टक्के उचल पहिल्याच दिवशी देऊन मोकळे होतात आणि मग माणूस फोन उचलत नाही म्हणून हळहळतात. दुसरं असं की तिथे भिंत किती गुळगुळीत हवी, याच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. शून्य म्हणजे नुसता बोर्ड चढवलेला, चार म्हणजे नेहमीच्या रंगकामाला पुरेसा, पाच म्हणजे पूर्ण पृष्ठभागावर पातळ हात दिलेला, चकचकीत रंगाला किंवा तिरप्या उजेडाला चालणारा. करारात लिहितात, पातळी चार. दर त्याप्रमाणे. आपल्याकडे त्याच जागी म्हणतात, फिनिशिंग एक नंबर पाहिजे हं. एक नंबर म्हणजे किती, हे घरमालकालाही रंग लागेपर्यंत माहीत नसतं.

आणि लायसन्स, मोठी नावं, मोठे बिल्डर असूनही तिथे काय झालं होतं, तेही आठवावं. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर बांधकामं वाढली, बोर्ड कमी पडला आणि चीनमधून आयात झाला. त्यातल्या काही बोर्डांतून गंधकयुक्त वायू सुटत होते. फ्लोरिडा, लुइझियाना या भागांतल्या घरांत एसीच्या तांब्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा काळ्या पडल्या, कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, भिंतीच्या भिंती उचकटाव्या लागल्या. नामवंत बिल्डरांच्या वसाहतींतही हा बोर्ड बसला होता. तिथे छोट्या ठेकेदाराने काही लबाडी केली नव्हती, त्याला जो माल मिळाला तो त्याने चढवला.

खरी कसोटी मात्र नव्या कामात नसते, ती दुरुस्तीत असते. कंपनीवाल्यांचा सगळा युक्तिवाद इथे उघडा पडतो, कारण दुरुस्तीला कंपनी येतच नाही. दोन फूट बाय दोन फूट तुकडा बदलायचाय म्हणून शोरूमला फोन करून बघा. किमान इतक्या रकमेचं काम असेल तर, इतक्या फुटांच्या वर असेल तर, पुढच्या महिन्यात स्लॉट आहे, अशी गोड बोळवण होते. येतो तो कोपऱ्यावरचाच.

असं काम मी जवळून पाहिलं आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपून शयनगृहाच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग पडलेला, मधोमध पोट आलेलं. मिस्त्री आला, त्याने आधी शिडी लावलीच नाही. केरसुणीच्या दांड्याने छतावर ठिकठिकाणी टिचक्या मारत फिरला. कोरड्या बोर्डाचा आवाज टणक येतो, भिजलेल्याचा बसका. डाग हाताएवढा होता, पण आवाज बसका येत होता तो त्याच्या तिप्पट जागेत. तिथे त्याने पेन्सिलीने चौकोन आखला, आणि चौकोनाच्या दोन बाजू मुद्दाम सीलिंग सेक्शनच्या मध्यावर आणल्या, म्हणजे जुना आणि नवा, दोन्ही बोर्डांना स्क्रू मारायला पत्रा मिळेल. कापल्यावर तुकडा ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला. वरच्या पत्र्यावर पांढरी बुकटी आली होती, एका ठिकाणी तांबेरा धरला होता. तो म्हणाला, साहेब, आज बंद नाही करणार, वरचं पाणी थांबलंय का ते आधी बघा. आणि गेला. हे लक्षात घ्या. भोक बुजवून पैसे घेऊन जाणं त्याला सहज शक्य होतं.

वरची गळती थांबल्यावर तो परत आला. तांबरलेला तुकडा काढून शेजारी नवा सेक्शन जोडला, ज्या दोन कडांना पत्रा नव्हता तिथे आतून पट्ट्या सारल्या, हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा बोर्ड मापाने कापून बसवला. कडा किंचित तासल्या, कंपाउंड, टेप, वर एक हात. दुसऱ्या दिवशी तो हात पहिल्यापेक्षा रुंद, तिसऱ्या दिवशी त्याहून रुंद, म्हणजे जोडाचा उंचवटा हळूहळू पसरून डोळ्यांना दिसेनासा होतो. शेवटी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवा धरला. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचसखलपणा त्या उजेडात सावली टाकतो. तेवढं घासलं. आणि जाताना रंगाऱ्याला सांगून गेला की ठिगळापुरता रंग देऊ नकोस, पूर्ण छताला दे, नाहीतर चौकोन कायम दिसत राहील.

आता सांगा, या कामाचा फुटामागे दर काय धरायचा? क्षेत्रफळ भरतं जेमतेम नऊ-दहा चौरस फूट. माणसाच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला शिडी, सामान, जाण्यायेण्याचं पेट्रोल. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून घरमालक म्हणाले, एवढ्यात तर अर्ध्या खोलीचं नवं सीलिंग होतं. कदाचित होत असेलही. पण नव्या कामात एकदा सांगाडा उभा केला की बोर्ड झपाझप चढतात. दुरुस्तीत बहुतेक वेळ वाळण्याची वाट बघण्यात आणि परत येण्यात जातो. दुरुस्ती फुटावर मोजणं ही मुळातच चूक आहे, ती हजेरीवर मोजायला हवी. आणि माणूस चार वेळा परत येऊ शकतो तो केवळ जवळ राहतो म्हणून. लोकल या शब्दाला जे नाक मुरडतात त्यांनी हे एवढं एक ध्यानात घ्यावं.

याच गोष्टीत आणखी एक जण होता, ज्याला कोणी बोल लावला नाही: वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांच्या न्हाणीघराच्या फरशीचे सांधे उघडे पडून कित्येक महिने झाले होते. आपल्या गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी स्पष्ट आहे. गच्चीतून पावसाचं पाणी मुरून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत खराब झालं तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने, आणि एखाद्या सदस्याच्या न्हाणीघर-संडासातून गळत असेल तर खर्च संबंधित सदस्यांचा. पण शेजाऱ्याशी वाईटपणा नको, सचिवांना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून आपण मिस्त्रीला बोलावून डाग झाकून घेतो. पुढच्या पावसाळ्यात डाग परत येतो. आणि दोष? लोकल माणसाचं काम टिकत नाही! नवीन इमारतीत तर आणखी एक घोटाळा होतो. आतल्या भिंतींना हल्ली बिल्डर जिप्समचाच गिलावा देतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत त्यात कामातला दोष निघाला, तर रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लोक त्याला पत्र न लिहिता आधी ठेकेदाराकडून पुट्टी भरून घेतात, मग बिल्डर म्हणतो, तुम्ही हात लावलात, आता माझा संबंध नाही.

आता या ठेकेदाराची वकिली करताना त्याची पापं झाकायचा माझा विचार नाही. तो एका वेळी तीन ठिकाणी कामं धरतो आणि तिन्हीकडे उद्या येतो म्हणून सांगतो. तुमची उचल घेऊन आधीच्या कामाचं दुकानदाराचं देणं भागवतो, आणि तुमच्या कामाला माल आणायला पुढच्या गिऱ्हाइकाची उचल शोधतो. ही साखळी कुठेतरी तुटते, आणि ज्याच्या घरी तुटते त्याच्या घरात अर्धा सांगाडा महिनाभर लोंबत राहतो. पंख्याचा हूक स्लॅबमध्येच हवा, हे माहीत असून काही महाभाग झुंबर सरळ सेक्शनला टांगतात. पार्टिशनवर टीव्ही येणार आहे, हे सांगूनही आत प्लायवूडचा आधार घालायला विसरतात, आणि मग पुठ्ठ्याची भिंत म्हणून जिप्समचीच बदनामी होते. हे सगळं होतं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज घरमालकाच्या हातात आहे, आणि तो स्वस्त आहे. माल दुकानातून स्वतः घ्या आणि मजुरी वेगळी ठरवा, म्हणजे उचलीचा प्रश्नच मिटतो. किंवा पैसे टप्प्यांवर द्या: सांगाडा झाल्यावर, बोर्ड चढल्यावर, जोड घासून झाल्यावर. आणि सांगाडा झाला की एक संध्याकाळ बोर्ड चढवू देऊ नका. टेप लावून दोन सेक्शनमधलं अंतर मोजा, सांगाड्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी दिव्यासाठी भोक पाडायचं झालं तर पत्रा कुठे आहे ते त्यात दिसेल, आणि भांडण झालंच तर तोच पुरावा. हे करायला तास लागत नाही. शोरूममध्ये टाइलचा रंग निवडायला आपण दोन रविवार घालवतो.

राहता राहिला शेवटचा हप्ता. आपल्याकडे काम पूर्ण झाल्यावरही पाच-दहा हजार अडकवून ठेवायची रीत आहे. काही निघालं तर राहू द्या, असं म्हणतात. काही निघत नाही, महिने जातात, तो माणूस फोन करकरून थकतो, मग येईनासा होतो. पुढच्या पावसाळ्यात छताला डाग पडला की आपण म्हणतो, बघा, काम झाल्यावर फिरकला नाही. कशाला फिरकेल? राखून ठेवायची रक्कम आणि तिची मुदत पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, हवं तर एक पावसाळा म्हणा. मुदत संपली आणि छत कोरडं असलं, तर त्याने मागायच्या आधी पैसे देऊन टाका.